थरथर माझीच होती

मी एक जुना माऊस आहे. आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एका मुठीएवढ्या माऊसने अख्खा छापखाना हलवला. यंत्रं नव्हे, यंत्रं काय, वीज आली की हलतातच. मी माणसं हलवली. आणि तीही केवळ माझ्या अंगातल्या खोडसाळपणामुळे.

मित्रांनो, हल्ली माझा मुक्काम टेबलाच्या वरच्या फळीवर असतो. शेजारी एक दात पडलेला स्टेपलर आहे, कंबर मोडलेली पट्टी आहे आणि झाकण हरवलेली डिंकाची बाटली आहे. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, खोली रिकामी झाली, की मी बोलायला लागतो. फळीवरच्या मंडळींना माझी गोष्ट पाठ आहे. पण खाली टेबलावर अधूनमधून कोणी नवं येतं, म्हणून मी ती पुन्हा सांगतो. आणि खरं सांगायचं तर मला गप्प बसवत नाही. बसवलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

कारखान्यात माझा जन्म झाला. सरकत्या पट्ट्यावरून माझी भावंडं शहाण्यासारखी पुढे जात होती. मी तेवढा आडवा वळलो. तपासणाऱ्या बाईंनी मला उचलून सरळ ठेवलं. मी पुन्हा वळलो. त्यांनी माझ्या पोटातला लाल दिवा पाहिला, माझी शेपटी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "हा कुठेतरी गोंधळ घालणार." म्हणजे तोंडाने म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं.

मग मी या छापखान्यात आलो. खाली छपाईची यंत्रं आणि वर आमची खोली. यंत्र सुरू झालं की वर टेबलावरच्या टाचण्यासुद्धा डब्यात नाचायच्या. मला ही जागा पहिल्या दिवसापासून मानवली.

मला ज्यांच्या हाती दिलं, त्यांना सगळे मिलिमीटर काका म्हणत. शाळेच्या पुस्तकांची पानं लावणं हे त्यांचं काम. चित्र कुठे, मजकूर कुठे, मध्ये मोकळी जागा किती, हे सगळं ते ठरवत. चित्र जागेवर ठेवलं की खुर्ची मागे सरकवायची, मान तिरकी करायची, बघत राहायचं; मग पुढे येऊन ते चित्र केसभर डावीकडे घ्यायचं. पुन्हा खुर्ची मागे.

शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासणाऱ्या बाई बसत. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांच्या जिभेला चांगली धार आली होती.

"अहो मिलिमीटर," त्या म्हणत, "ते हरीण केव्हाचं ताटकळलंय. बसू द्या की त्याला कुठेतरी."

"बसेल. आधी नीट उभं तर राहू दे."

मालकीणबाई गिऱ्हाइकांना मुद्दाम वर घेऊन येत आणि लांबूनच काकांकडे बोट दाखवत. "हे पान लावतात ना, मग कोणाला पट्टी लावून बघावं लागत नाही." काका ऐकलं न ऐकलंसं करत. पण माझ्यावरची त्यांची मूठ तेवढ्यापुरती जरा घट्ट व्हायची. मला सगळं कळायचं.

तर मित्रांनो, सुरुवातीची काही वर्षं मी मुद्दाम सभ्यपणे वागलो. काका मला जिथे नेतील तिथे जायचो, थांबवतील तिथे थांबायचो. मग मला कंटाळा आला. माझं मूळचं वळण उसळी मारून वर आलं. एक दिवस काकांनी मला एका फुलावर नेलं आणि मी थरथरलो. पडद्यावरचा बाण फुलाच्या आजूबाजूला माशीसारखा घोंघावू लागला. काकांनी मला उचललं, उलटं केलं, पोटावर फुंकर मारली. खालची चटई पुसली. पुन्हा ठेवलं. मी पुन्हा थरथरलो. अशी मजा आली म्हणून सांगू.

मग मला ते व्यसनच लागलं. मी सकाळी थरथरायचो, दुपारी जास्त थरथरायचो. आणि संगत वाईट असली की बाकीचेही बिघडतात. काकांच्या चहाच्या कपाने माझं पाहून बशीवर वाजायला सुरुवात केली. सदऱ्याची बटणं काजात जाईनाशी झाली. डब्यातला चमचा तोंडापर्यंत पोचायच्या आत सांडू लागला. सगळी माझीच शिकवण.

"काय हो, आज बशी गातेय तुमची," बाई एकदा म्हणाल्या.

"खालचं यंत्र चालू आहे ना."

"यंत्र केव्हाच बंद झालंय."

काकांनी कप बशीतून उचलून टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ते चहा अर्धा कप घेऊ लागले आणि डबा खाली गोदामात एकटेच खाऊ लागले. कामाला बसले की सारखे मागे वळून पाहायचे, कोणी उभं आहे का. जिन्यावर पाऊल वाजलं की मला सोडून हात मांडीखाली घ्यायचे. एका जागी म्हणून त्यांचा जीव ठरत नव्हता. आता माऊस नाठाळ असेल तर माणसाने असं लपून का राहायचं, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यात मालकीणबाईंनी कामाची नवी साइट आणली. पान तयार झालं की ते साइटवर चढवायचं. तिथे दोन बटणं: एक 'मंजूर', एक 'परत'. 'मंजूर' दाबलं की पान थेट खाली छपाईला. 'परत' दाबलं की पुन्हा दुरुस्तीला. दोन्ही बटणं तिळाएवढी आणि एकमेकांना चिकटलेली. बाण जरा बाहेर सरकला की ती झाकलीही जायची. माझ्यासारख्याला याहून चांगलं मैदान कोण देणार?

पहिलीच्या गणिताच्या पुस्तकातलं पान होतं. वर प्रश्न, 'तळ्यातली बदकं मोजा', आणि खाली सात बदकं. त्यातलं शेवटचं बदक मी आधीच ढकलत ढकलत पानाच्या अगदी काठाशी नेलं होतं. काकांच्या ते ऐन वेळी लक्षात आलं. त्यांनी मला 'परत'कडे नेलं. दोन्ही हातांनी धरून नेलं. मी थरथरलो आणि 'मंजूर'वर जाऊन बसलो.

पुस्तकं छापून, कापून, बांधून वर आली. मालकीणबाईंनी एक उघडून काकांसमोर ठेवलं. सातव्या बदकाची चोच आणि छाती तेवढी पानात होती, मागचा भाग कापणीत गेला होता.

"मुलांनी उत्तर काय लिहायचं, काका? सहा की साडेसहा?"

"हुशार असतील ती साडेसहा लिहितील," बाई म्हणाल्या. पण काकांचा चेहरा पाहून पुढचं त्यांनी गिळलं.

"माऊस," काका म्हणाले. "मॅडम, हा माऊसच बिघडलाय. कुठे नेलं तर कुठे जातो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, एवढी माणसं एकदम आपल्याकडे बघतायत, असा मान किती माऊसना मिळतो?

सगळे खाली गेल्यावर काकांनी खिशातून रुमाल काढला आणि मला पुसलं. पाठ, दोन्ही बटणं, मधलं चाक, सगळं अगदी सावकाश. ज्याच्यावर माणूस रागावलेला असतो त्याला असं पुसत नाही. पण ते असो.

संगणक दुरुस्त करणाऱ्या ताईंना बोलावलं. त्या आल्या त्या चिडलेल्याच. त्यांचं जेवण राहिलं होतं. त्यांनी मला धरून पडद्यावर एक सरळ रेघ ओढली. मी ओढू दिली. परक्या माणसासमोर मी नीट वागतो.

"ठणठणीत आहे हा."

"मग नवा द्या," काका म्हणाले.

नवा आला. काकांनी त्याच्यावर हात ठेवला आणि तोही थरथरू लागला. अर्थात, जाता जाता मी त्याच्या कानात मंत्र दिला होता. ताईंनी पडद्याकडे पाहिलं, मग बशीकडे, मग खुर्ची ओढून काकांच्या जवळ बसल्या.

"काका, डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं." काकांनी दाराकडे पाहिलं. "गोळ्या चालू आहेत. थोडा फरक पडतो. पण इथे बोलू नका. कळलं की दुसऱ्या दिवशी माझी पानं काढून घेतील. मला दुसरं काही येत नाही, ताई. आणि दुसरं काही करायचंही नाही."

मला हसूच आलं. खोड्या मी करतोय आणि गोळ्या काका खातायत.

ताई म्हणाल्या, "मी कोणाला कशाला सांगू? मी बघते काहीतरी." नवा माऊस त्यांनी बॅगेत टाकला, मला जागेवर परत ठेवलं आणि पुढच्या खेपेला परस्परच एक नवी सोय बसवून टाकली. तोंडाने बोलायचं, संगणकाने ऐकायचं आणि तसं करायचं. चांगली सोय होती. पण ती शांत खोलीसाठी होती. काका म्हणाले, "चित्र डावीकडे," तेवढ्यात खालचं यंत्र सुरू झालं, आणि शेजारी बाई फोनवर त्यांच्या बहिणीशी बोलत होत्या. संगणकाने आज्ञाधारकपणे सगळं टिपून घेतलं. हत्तीच्या चित्राखाली ठळक अक्षरांत उमटलं: 'नळवाला अजून आलेला नाही, मी तरी किती वाट बघू'.

नेमक्या मालकीणबाई मागे उभ्या होत्या.

"हे काय? आणि काका, तुम्हाला बोलून काम कशाला करावं लागतंय?"

काकांनी हात मांडीखाली घेतले. ताई बॅगेची चेन उघडझाप करत बसल्या. मालकीणबाई काही बावळट नव्हत्या. त्यांना कळलं. म्हणजे जे कळायला नको होतं ते कळलं, आणि खरा गुन्हेगार मात्र टेबलावर निवांत पडून राहिला.

मालकीणबाई मनाने फार चांगल्या. त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्याच आठवड्यात भिंतीवर 'येथे सर्वांना समान संधी' असा मोठा बोर्ड लागला. त्याखाली काकांना उभं करून हातात फुलं देऊन फोटो काढला. फोटो साइटवर पहिल्याच पानावर गेला आणि त्याच्या बाजूला चाकांच्या खुर्चीचं एक चित्र आलं.

"अहो मिलिमीटर, तुम्हाला चाकं केव्हा लागली?" बाईंनी विचारलं.

"मलाही आजच कळलं."

काकांना ज्येष्ठ मार्गदर्शक केलं. खिडकीजवळ गुबगुबीत खुर्ची दिली. आणि पानं लावायचं काम बाहेरच्या माणसाला दिलं.

मित्रांनो, ते दिवस मला आठवले की अजून करमत नाही. मी टेबलावर नुसता पडलेलो. काका खिडकीत. मार्गदर्शन घ्यायला कोणी येत नव्हतं. आलं तर चहा झाला का एवढंच विचारून जायचं. काका उठायचे, पडदा सरकवायचे, बसायचे, पुन्हा उठून पडदा होता तिथे आणायचे. भिंतीवरचा बोर्ड जरा वाकडा होता. काका त्याच्याकडे बघायचे आणि तोंड फिरवायचे.

"मॅडमनी एवढं केलं तुमच्यासाठी," बाई एकदा समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "जरा निवांत बसा की."

"केलं ना, खूप केलं. मला विचारून तेवढं काही केलं नाही."

"विचारलं असतं तर काय मागितलं असतंत?"

"पान."

बाईंनी चष्मा काढून पुसला, पण तो मुळीच खराब झाला नव्हता.

मग गणिताच्या दुसऱ्या भागाची पानं बाहेरून लागून आली. बाई ती तपासत होत्या. एका पानावर फुगेवाला होता. फुगे वर एका बाजूला, दोऱ्या खाली दुसऱ्याच बाजूला. बाईंनी ते पान हातात धरलं, तशाच उठल्या आणि काकांच्या मांडीवर ठेवून परत जागेवर येऊन बसल्या. अशी आगलावी बाई मी पाहिली नाही.

काकांनी पान पाहिलं. एकदा बाजूला ठेवलं, पुन्हा उचललं. मग ते उठून सरळ स्वतःच्या टेबलाशी आले. मी सज्ज झालो. म्हटलं, आता दाखवतो गंमत. तर त्यांनी मला उचललं आणि चक्क पालथं घालून कडेला ठेवलं.

त्यांनी कळफलकावरच्या बाणांच्या कळांवर बोट ठेवलं. कळ एकदा दाबली की फुगा एक पाऊल सरकायचा, तेवढाच. बोट कितीही थरथरलं तरी पाऊल तेवढंच. कधी कळ दोनदा दाबली जायची, मग काका उलटा बाण दाबून एक पाऊल मागे यायचे. मी कडेला पडून माझी थरथर हवेतून त्यांच्या बोटांपर्यंत पोचवत होतो, तरी काही चालेना. एकेक फुगा आपल्या दोरीवर येऊन बसला. काकांनी खुर्ची मागे सरकवली. मान तिरकी केली. पुढे आले, केसभर डावीकडे, पुन्हा मागे.

"झालं?" बाई म्हणाल्या.

"झालं."

आता राहिलं होतं 'मंजूर'. काकांनी कळ दाबत दाबत बटणापर्यंत जायचं ठरवलं. प्रत्येक दाबासरशी एक निळी चौकट साइटवर पुढे सरकत होती. ती काकांच्या हसऱ्या फोटोवर थांबली. मग चाकांच्या खुर्चीवर थांबली. मग समान संधीच्या घोषणेवर. आणि 'मंजूर'ला वळसा घालून पुन्हा फोटोवर. काकांनी परत फेरी मारली. पुन्हा तेच. ते बटण फक्त माऊसला ओळखत होतं. म्हणजे मला.

"सरका, मी दाबते," बाई म्हणाल्या.

"नको."

"अहो, हट्ट कसला? एक तर बटण आहे."

"एकच आहे म्हणून तर. एवढ्यासाठी रोज कोणाची तरी वाट बघत बसू? उद्या तुम्ही रजेवर गेलात की माझं पान इथेच पडलेलं."

त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली, "मॅडम, जरा वर येता का?" आवाज असा निघाला की खालची दोन-चार माणसंही जिन्यात येऊन उभी राहिली.

काकांनी उजवा हात मांडीखालून काढला आणि सगळ्यांसमोर टेबलावर धरला.

"बघा. हा असा हलतो. गोळ्या घेऊनही हलतो, पुढे कदाचित जास्त हलेल. माऊसचा काही दोष नव्हता. आणि हे पान मी आत्ता लावलंय, तेही बघा. चुकलं असेल तर मी खिडकीत जाऊन बसतो. बरोबर असेल तर माझं अडतंय फक्त या बटणापाशी. ते मोठं करा, दोघांत अंतर ठेवा, आणि कळ दाबून चालेल असं करा."

मालकीणबाईंनी पान बराच वेळ पाहिलं.

"काका, तुम्ही आधी का नाही बोललात?"

"बोललो असतो तर खुर्ची आणखी लवकर आली असती."

मालकीणबाई खाली बघत होत्या.

मित्रांनो, त्या क्षणी काका धडधडीत खोटं बोलले. हात हलतो म्हणे. अख्ख्या खोलीसमोर त्यांनी माझा आळ स्वतःवर घेतला. इतका मोठा मनाचा माणूस मी पाहिला नाही. मला ओरडून सांगायचं होतं की मीच तो. पण मी पालथा होतो.

मालकीणबाईंनी तिथूनच साइट बनवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, असं आजवर कोणी मागितलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "आता मागतायत. तुम्ही इथे या आणि त्यांच्या शेजारी बसून करा." तो आला. काकांनी त्याचं बटण वापरून पाहिलं आणि परत पाठवलं. दुसरं केलं, तेही परत पाठवलं. शेवटी बटण मोठं झालं, दुसऱ्यापासून लांब गेलं, कळेने चालू लागलं, आणि चुकून दाबलं तर मागे घ्यायची सोयही झाली. तरी काका म्हणालेच, "केसभर डावीकडे घेता का?" त्याने हात जोडले.

गंमत म्हणजे ते मोठं बटण सगळ्यांनाच आवडलं. बाई चष्मा न शोधता दाबू लागल्या. मालकीणबाई एका हातात फोन धरून दाबू लागल्या. बोर्ड त्यांनी आपणहून उतरवला. भिंतीवर त्याच्या जागी एक फिकट चौकोन राहिलाय. गुबगुबीत खुर्चीवर आता कागदांचे गठ्ठे बसतात.

दुरुस्तीच्या ताईही आल्या. या वेळी त्यांनी बॅग टेबलावर मोकळी केली आणि आधी विचारलं, "काका, यातलं तुम्हाला काय जमतंय ते बघा बरं." काकांनी सगळं हाताळलं. एक उभी दांडी होती, ती नको म्हणाले. एक सपाट पाटी होती, तीही नको. मग त्यांनी एक गोळेवाला माऊस धरला. तो जागचा हलत नाही; हात टेकून ठेवायचा आणि वरचा गोळा बोटांनी फिरवायचा. बाण थांबला की गोळा सोडून वेगळं बटण दाबायचं. काका म्हणाले, हा राहू दे. मला त्यांनी पुन्हा एकदा रुमालाने पुसलं आणि फळीवर ठेवलं.

म्हणून माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे, मित्रांनो. कोणाचं काम अडलेलं दिसलं तर त्याला उचलून खिडकीत बसवू नका. कुठे अडतंय ते त्यालाच विचारा, आणि तो सांगेल ते ऐका. बहुतेक वेळा एखादं तिळाएवढं बटण असतं. आणि जुन्या वस्तू फेकू नका, रुमालाने पुसून ठेवा. आणि मिलिमीटर काकांचा हात थरथरायचा असं तुम्हाला कोणी सांगितलं तर बिलकूल मानू नका. तो हात दगडासारखा स्थिर होता. थरथर माझीच होती. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, सगळी माझीच.

खाली टेबलावर गोळेवाला माऊस इतका वेळ गप्प ऐकत होता.

"आजोबा," तो म्हणाला, "मी सकाळपासून त्याच हाताखाली आहे. तो आजही थरथरत होता आणि पान वेळेवर खाली गेलं. तुम्ही कधीच थरथरला नव्हतात."